वजनाच्या चिठ्ठ्या

पहिले तीन मंगळवार तुमच्या खोलीत मी
फक्त कोट काढला आणि घातला.
मधली चाळीस मिनिटं खिडकीतून चौक दिसत होता,
पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात माणसं उडू नयेत म्हणून
खांबाखांबांना बांधलेला दोर,
तो धरून चाललेली पाववाल्याची आई.
तुम्ही विचारलंत, सेन्योरा नेलिदा, कुठून सुरुवात करू या?
जीभ टाळूला चिकटलेली.

चौथ्या मंगळवारी चिठ्ठी आणली.
खेकड्यांच्या कारखान्यातली, वजनाची.
पुढे छापलेलं: टोपली क्रमांक, किलो, सही.
मागे मी: झोप नाही. ऑगस्टपासून.

वाटलं, मोठ्यानं वाचाल.
वाचली नाहीत.
ड्रॉवरमधून पेन्सिल काढलीत, टोक चावलेली,
आणि खाली लिहिलंत, काय ते देव जाणे,
सगळे कोंबडीचे पाय.
मी प्रश्नचिन्ह काढलं.
तुम्ही पुन्हा, ठळक: ऑगस्टात काय झालं?
काहीच नाही, मी लिहिलं. तेच तर.

मग चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.
कडा ओल्या, मीठ लागलेल्या,
एकीवर कवचाचा लाल डाग.
वास येत असणार, डॉक्टर ओयार्सून.
तुम्ही नाक मुरडलं नाहीत.

बोललेलं खोडता येत नाही.
लिहिलेलं येतं; पण
खोडलेलं तुम्ही आधी वाचता, हे मला उशिरा कळलं.
त्या दिवशी होतं: मला झोपायचंय.
आणि त्याच्या आधी, तीन रेघांखाली,
दुसरं एक क्रियापद.
तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. बराच वेळ.
मग लिहिलंत: हे वाचता आलं मला.
खाली घरचा नंबर.

फोनवर मी काय करू?
टिचकी मारा. मी ओळखेन.

शनिवारी रात्री लावला.
टिचकीसुद्धा जमेना. बोट दगड.
पलीकडून एकदाच माझं नाव आलं,
मग काही नाही.
मग खरखर. वाटलं, लाइन बिघडली.
कान घट्ट लावला तेव्हा कळलं:
पेन्सिल.

मंगळवारी तुम्ही तो कागद माझ्यापुढे सरकवलात.
दोन दहा. वारा.
दोन चाळीस. केटली. उतरवली.
तीन. नाक ओढलं.
तीन पंचवीस. खुर्ची? नाही, कुत्रा.
एवढं मी एका दमात वाचलं, तुमचं अक्षर असून.
शेवटच्या ओळीला वेळ घातलेली नव्हती.
नुसतं:
आहे.