प्रात्यक्षिक वही, पान तिसरं

विभागात शाईच्या डागांच्या कार्डांचा एकच संच.
कपाटाची किल्ली उईके बाबूंकडे,
बाबू निवडणुकीच्या ड्युटीवर.
म्हणून आम्ही शिकलो झेरॉक्सवर,
रंगीत कार्डं सगळी राखाडी,
आणि 'रंगाला दिलेला प्रतिसाद' या रकान्यात
अख्ख्या बॅचची फुली.
खंडारे मॅडम म्हणाल्या, चालतं,
पुढे माणूस बसला की रंग येतोच.

मंगळवारी, शुक्रवारी ग्रामीण रुग्णालय.
अंजनगावहून पावणेआठची एसटी,
मांडीवर फाईल, फाईलवर डबा,
बोटांना नागवेलीचा वास.
पहाटेच बाबांसोबत बसून
ओल्या फडक्यातली पानं उलटवलेली असतात मी,
डाग पडलेली एकीकडे,
डाग पडतीलसं वाटणारी दुसरीकडे.
बाबांना ते बोटांनीच कळतं.
मला अजून डोळे लागतात.

लसींच्या फ्रीजशेजारी माझी खोली.
दारावर खडूनं लिहिलंय 'समुपदेशन',
त्यातला 'मु' कुणाच्या तरी खांद्यानं पुसलेला.
लोक डोकावतात, विचारतात,
बाई, सुई इथंच देते का?

दुर्योधन तायडे, वय सत्तावन्न.
कान दुखतो म्हणून आले होते,
कानाच्या डॉक्टरनं माझ्याकडे धाडले.
एकोणतीस वर्षं हायस्कुलात शिपाई.
पोरं कमी पडली, शाळा मिटली,
यांना दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं,
तिथं घंटा बटणाची.
सरकारी कागदात याला म्हणतात समायोजन.
आमच्या पुस्तकातही, धडा दुसरा: समायोजन.
मी दोन्हीखाली एकाच पेनानं रेघ मारली
आणि मग खोडली.

"घंटा वाजते बाई. मी वाजवत नाई, तरी."
केव्हा?
"साडेधाले. मंग मधल्या सुट्टीले. मंग पाचले, लंबी."
आवाज काही आज्ञा करतो का?
(फॉर्ममधला प्रश्न अकरावा. तो विचारावाच लागतो.)
"करते ना. शाळा भरली मनते."
आणि तुम्ही काय करता?
"उभा होतो. मंग कोनीच येत नाई. मंग बसतो."

मॅडमनी शिकवलं होतं,
माणूस गप्प झाला की सात मोज, मगच बोल.
मी सात मोजले.
फ्रीज घरघरत होता.
बाहेर एक पोरगं टोचून घेऊन रडत होतं,
त्याची माय म्हणत होती, झालं, झालं, झालं.
मी पुन्हा सात मोजले.

ते म्हणाले, "तुले येते काय आयकू?"

याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सरळ नाही.
हो म्हणू नये. नाही म्हणू नये.
मला आमची शाळा आठवली,
लोखंडी पट्टीचा तुकडा, निंबाच्या फांदीला टांगलेला,
आणि टोल देणारा एक माणूस
ज्याचं नाव मला दहा वर्षांत कळलं नाही.
आम्ही त्याला घंटीवाला म्हणायचो.

मी म्हटलं, लंबी कशी वाजवता, दाखवा.

त्यांनी माझा स्टीलचा डबा ओढला,
पेन घेतला,
आधी हळू, सुटे सुटे,
मग जवळ जवळ, मग इतके जवळ
की वेगळे ऐकू येईनात,
आणि मग एकदम हात उचलून धरला वर.
नर्स दारात येऊन उभी राहिली.
डब्यात भाकर होती, म्हणून आवाज बसका आला.
"भाकर काढ्याले पाह्यजे होती," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

तोंडी परीक्षेत बाहेरचे सर म्हणाले,
निदान?
मी म्हटलं, सर, अजून तीन भेटी व्हायच्यात.
'वास्तवाचे भान' हा रकाना रिकामा का?
मी गप्प.
सरांनी सात मोजले नाहीत.
वीसपैकी अकरा.

शुक्रवारी डबा घेऊन गेले, भाकर कागदात वेगळी गुंडाळून.
साडेदहा झाले. अकरा झाले.
तायडे आले नाहीत.
कुणी म्हणालं, बटण बिघडलंय त्या शाळेचं.