मानस, आवक क्रमांक ४१७

चोडणची फेरीबोट, मग रायबंदरहून बस,
नऊ चाळीसला मी टेबलावर.
शिक्का, शाईचा पॅड आणि एक वही,
जिच्यात येणारं सगळं नोंदलं जातं
आणि जाणारं क्वचित.

आज शाणू कुट्टीकर आला.
पाय धुऊन आला होता, नखांत चिखल राहिलेला.
त्याने मला ओळखलं नाही,
की ओळखूनही दाखवलं नाही.
टेबलापलीकडच्या बाईला नावाने हाक मारणं
आमच्या गावाला अजून जमत नाही.

अर्ज तिसरा. विषय तोच:
खालच्या खाजनाचं मानस मोडलं आहे,
उधाणाला खारं पाणी आत शिरतं,
चार वर्षं कोरगूट पेरलेलं नाही.

मानस म्हणजे काय, हे साहेबांना सांगावं लागतं.
साहेब परके नाहीत, मडगावचेच,
पण तिसऱ्या मजल्यावर वाढलेले.
मी सांगते: नदी आणि शेत यांच्यामधलं
मट्टीच्या लाकडाचं दार.
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
कुणाची सही लागत नाही.
साहेब हसले. असं कसं चालेल, म्हणाले.

चालायचं.
माझ्या बाबांनी तीन वर्षं मानस लिलावात घेतलं होतं.
रात्री कंदील, दाराशी जाळं,
मासळीचे पैसे कुळांच्या पेटीत,
आणि पेटीतून बांधाला माती, पेंढा, मजुरी.
हिशेब देवळाच्या पायरीवर मोठ्याने वाचायचे;
एका वर्षी अकरा रुपये लागेनात,
तर त्यावरून दोन घरं बोलेनाशी झाली.
सरकार तेव्हा लांबच्या नातेवाइकासारखं:
लग्नपत्रिकेत नाव, पंगतीला पत्ता नाही.

मग एका अवसेला बांध फुटला.
पोलिसांनी लिहिलं, पाण्याने फोडला.
फेलिसियानने कडा पाहिल्या होत्या,
सुरीने पाव कापावा तशा सरळ.
हे त्याने एकदाच सांगितलं.
पुढच्या आठवड्यात त्याच्या होडीला भोक पडलं
आणि त्याला काही आठवेनासं झालं.

आता त्या पाण्याला भाव आहे.
पिकत होतं तेव्हा नव्हता.
शाणूला दर पंधरवड्याला दिल्लीहून फोन येतो,
फार नम्र माणूस, म्हणतो तो,
आईच्या गुडघ्याचीही चौकशी करतो.
आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक तक्ता आहे,
दरडोई उत्पन्नाचा, त्यात आमचा खांब सगळ्यात उंच.
पंखा फिरला की तो तक्ता भिंतीवर आपटतो.

शाणूने पिशवीतून मागचं उत्तर काढलं.
प्लास्टिकमध्ये घातलेलं, रेशनकार्डासारखं.
टाइप कुणी केलं माहीत नाही. सह्या चार.

*आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की
माणूस दुरुस्तीसाठी चालू आर्थिक वर्षात तरतूद नाही.
तसेच सदर माणूस
या खात्याच्या अखत्यारीत येत नाही.*

मला वाटलं तो चिडेल, निदान हसेल.
त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं
आणि अगदी साधेपणाने विचारलं,
मग कुठल्या खात्याच्या येतो?

मी खरंच यादी काढली.
मृदसंधारण, जलस्रोत, महसूल, मत्स्योद्योग,
खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं: इतर.
मागे एक म्हातारी दाखल्यासाठी ताटकळत होती.
मी शिक्का मारला. वाकडा पडला.
४१७. पावती फाडून दिली.

संध्याकाळी फेरीत आम्ही दोघं एकाच कठड्याशी.
आता त्याने नाव घेतलं माझं,
बाबा कसे आहेत विचारलं.
मी म्हटलं, बरे आहेत.
उधाणाच्या रात्री उठतात,
घराची कडी चाचपून बघतात, पुन्हा निजतात.

तो काही बोलला नाही.
पाणी चढत होतं,
उद्या बारा वाजून दहाला पूर्ण भरेल,
हे त्यालाही माहीत होतं, मलाही.