नावाआधीचा न

भुसावळात शेहेचाळीस अंश असताना
आमच्या एक्स-रे सेंटरात एसी एकाच खोलीत चालतो
आणि त्या खोलीत पेशंटला बसू देत नाहीत.
तिथे तेरा टेपा राहतात, एलटीओ-३,
लोटन बोंडेंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावून.
एकीवर साल. एकीवर नुसतं "हाडं, जुनी".
सातवीवर "इले हात लावू नको".

त्यांना वाचणारा ड्राइव्ह गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला.
जाताना एक टेप दातात धरून ठेवली होती,
चिमट्याने सोडवली.

डॉक्टर झोपे म्हणाले, सगळ्यात नवा घ्या.
मी म्हटलं, सगळ्यात नव्याला आपलं जुनं वाचता येत नाही.
पाच नंबरचा घेऊ.
तो दोन पिढ्या मागचं वाचतो,
एका पिढीमागचं लिहितो,
त्यापलीकडे ओळख दाखवत नाही.
डॉक्टर थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"मलाही पणजोबांचं नाव येत नाही," म्हणाले,
आणि सही केली.

फैजपूरला बोंडेंना फोन लावला.
"ड्राइव्ह मंग पाहजो, आधी कार्ड पाह्य."
बाकी सगळं केळीच्या भावाबद्दल.

तर सीपीयू मांडीवर, सातवी टेप पर्समध्ये,
मी एसटीने जळगावला, गोलाणीत.
जमीलभाईंनी पहिला काढला तो स्वस्त होता,
पण त्याच्या पाठीला अडुसष्ट पिनांचा जबडा
आणि आमचं कार्ड सास.
"मॅडम, सास से किसकी जमी है आज तक,"
म्हणत त्यांनी प्रिंटरांच्या ढिगाखालून दुसरा ओढला.
खोक्यावर विंडोजचंच चित्र.
लिनक्सचं नाव कुठेच नाही. नसू दे.
आमच्या कर्नलच्या पोटात ड्रायव्हर आधीपासून बसलाय,
आणि त्याचं नाव, खोटं नाही सांगत, एसटी.

एसटी-शून्य.
काम झालं की ही गाडी मुकाट डेपोत परतते.
पुन्हा लिहायला घ्या,
पहिल्या थांब्यापासून निघते,
आधीच्या प्रवाशांच्या अंगावरून.
म्हणून नावाआधी एक एन लावायचा असतो.
मी त्याला न म्हणते.
न लावला की गाडी थांबली तिथेच उभी राहते.
न न लावला की

सातवी टेप आत गेली.
कापूस पिंजल्यासारखा आवाज. मग शांत.
एकच फाइल निघाली. एकच रात्र.
निंभोऱ्याच्या पोराचं कोपर,
एका हमालाचं मनगट,
कुणाची तरी बरगडी, नाव नाही,
असे अकरा फोटो.
त्यापुढची दोन वर्षं फितीवर अजून आहेतच,
यावलची, वरणगावची, मोडलेली, सांधलेली,
पण ड्राइव्ह तिकडे जात नाही.
त्याच्या लेखी रस्ता इथे संपतो.

जमीलभाईंच्या काउंटरवरूनच फोन केला.
"काका, सातवी वाचली."
"किती निघालं?"
"एक रात्र."
पलीकडे बागेत पंप चालू होता,
तो बराच वेळ ऐकू येत राहिला.
मग त्यांनी विचारलं,
"कार्ड जुळलं ना?"