हातचा

किटवेत वीज विचारून जात नाही.
चिलुफ्या कपाम्ब्वे मेणबत्ती पेटवते,
बशीत तिचं बूड चिकटवते,
आणि भांडवलाच्या किमतीचं
अर्धवट राहिलेलं गणित
पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडते.

वय त्रेचाळीस. पेपर तेरावा. तिसऱ्यांदा.
फी पौंडात, पगार क्वाचात.
विनिमय दर म्हणजे काय
हे तिला पुस्तकाआधीच कळलं होतं.

तांब्याच्या कंपनीत अकरा वर्षं
रोखीचा अंदाज तीच बांधायची,
खाली सही दुसऱ्याची.
एकदा बैठकीत, दारालगतच्या खुर्चीवरून, म्हणाली,
"हे कर्ज घेऊ नका. हप्ता सप्टेंबरात येतो,
आणि सप्टेंबरात आपल्याकडे काहीच येत नाही."
साहेबांनी मान डोलावली,
पंख्याचा वारा बरा लागल्यावर डोलावतात तशी.
कर्ज घेतलं.
मग सप्टेंबर आला.

(मी तेव्हा तिच्या शेजारी बसून व्हाउचरं लावायचो.
मलाही वाटलं होतं, हिला काय कळतंय.
कुठेतरी नोंद हवी, म्हणून लिहितो.)

निकाल मंगळवारी आला, फोनवर.
ती न्शिमा घोटत होती, हात पिठाचे,
म्हणून मुलाने वाचला:
बावन्न. पन्नासला पास.
"वरचे दोन उगाच वाया गेले," म्हणाली,
आणि घोटत राहिली. गाठी होतात नाहीतर.

नवं कार्ड छापून आलं.
नाव, स्वल्पविराम, आणि चार अक्षरं
मुंगीएवढी.
बाई तीच. खुर्ची तीच,
दारापासून टेबलापर्यंत सरकलेली.
पुन्हा एक कर्ज. पुन्हा म्हणाली, "नको."
पेनं थांबली.
कुणीतरी विचारलं, "का?"

अकरा वर्षांत पहिला "का".

मला वाटलं, आज ही खूश असेल.
फाटकापर्यंत ती गप्पच होती. मग जकरांडाखाली थांबून:
"आकडा तेव्हाही बरोबर होता, मुटाले.
मग या चार अक्षरांनी बरोबर काय केलं?"

मला आठवले गोदामातले बा सिमुकोंडा.
पोतं नुसतं उचलून किती किलो चोरीला गेलं ते सांगायचे.
तिला पहिला ताळा त्यांनीच शिकवला.
त्यांच्या नावापुढे
पूर्णविरामाखेरीज कधी काही लागलं नाही.

बेरीज करताना हातचा धरतात,
वर, बारीक, पेन्सिलीने.
उत्तरात तो कुठे दिसत नाही.
विसरला की मात्र
उत्तर चुकतं.

सोमवारी माझ्या टेबलावर तिची पुस्तकं होती,
दोऱ्याने बांधलेली,
पानापानावर मेणाचे थेंब.
मी विचारलं, सगळा खर्च किती येतो?
तिने आकडा सांगितला.
मेणबत्त्या धरून.