शब्दशः

दिवाडीच्या फेरीचा दोर वादळानं तोडला त्या रात्री
भाटकार दों एउफेमियान आपल्याच खुर्चीत मेला.
खोली आतून बंद नव्हती.
एवढंच काय ते पुस्तकातल्यासारखं नव्हतं.

अधिकारी पणजीचा, जेवायला आलेला.
मी त्याचा दुभाषी, टेबलाच्या पार टोकाला.
आता नदी ओलांडून कोणी येणार नव्हतं, जाणार नव्हतं.
म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी,
तो पोर्तुगीजमध्ये म्हणाला, जरा आनंदानंच.

सगळ्यांना सालात बसवलं, चिनी बरण्यांच्या मधोमध.
जुगारात बुडालेला पुतण्या आलेशू नखं खात होता.
बहीण दोना एर्मेलिंद तेर्साची माळ ओढत होती, मणी चुकवत.
दोतोर घड्याळाला चावी देत होता, दुसऱ्यांदा.
प्रत्येकाकडे कारण होतं. अशा घरांत कारणं असतातच,
चांदीच्या चमच्यांसारखी, मोजून ठेवलेली.

ग्लासात उंदरांचं औषध. औषध कपाटात. कपाटाला कुलूप.
कोंसेसांवला मात्र स्वयंपाकघरातच विचारलं,
सालात तिच्यासाठी खुर्ची नव्हती.
"किल्ली कुठं असते, विचार."
मी विचारलं.
"म्हज्या पेंकटाक," ती म्हणाली. "दीस-रात."
माझ्या कमरेला. रात्रंदिवस.

शिंपल्यांच्या खिडकीवर वारा आपटत होता.
त्या खिडकीतून उजेड येतो, चेहरा दिसत नाही.
मला तिची आंजेलीन आठवली,
सतराची, गेल्या मे महिन्यात, याच घराच्या विहिरीत.
तेव्हा दुभाषी लागला नव्हता.
कोणी काही विचारलंच नव्हतं.

"खुंटीवर," मी पोर्तुगीजमध्ये म्हणालो,
"दाराजवळच्या. येता-जाता कोणाचाही हात पोचेल."

सालात त्यानं ते वाचून दाखवलं.
खुंटी ऐकून दोना एर्मेलिंदनं मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पुन्हा माळेत घातली.
पहाटेपर्यंत तो एकेक धागा उसवत राहिला, फार सुंदर.
कागदावर शेवटी आलं: अज्ञात.

दुसऱ्या दिवशी होडी मिळाली. मांडवीच्या मधोमध
त्यानं विचारलं, "पेंकट म्हणजे काय रे?"
आणि उत्तराची वाट न बघता
स्वतःचा पट्टा एक भोक आवळला.

मी पाणी बघत होतो.
आता या वयात डॉक्टर विचारतात, कुठं दुखतं,
आणि मला चटकन
शब्द सापडत नाही.