चौऱ्याण्णव सेंटिमीटर

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यातलं लांब टेबल
हानुस सुतारानं बनवलं, तेव्हा माप घ्यायला
जवळ दुसरं कुणी नव्हतं.
त्यानं आपलंच कोपर वाकवलं,
खाली टीचभर जागा सोडली
आणि पेन्सिलीनं रेघ मारली. चौऱ्याण्णव.
पुढे लाकूड जाऊन स्टील आलं, हानुसही गेला,
रेघ तेवढी राहिली.
इथे कामाला लागणारी प्रत्येक बाई
आधी त्या कोपराला नमस्कार घालते:
उंच बिल्ला वाकून,
ठेंगणी तुरिद मिठाच्या पेटीवर चढून.

मी तोर्सहाव्नहून प्रश्नावली घेऊन आले.
मान दुखते? नाही.
मनगट? नाही.
रात्री बोटं बधिर होतात?
एकमेकींकडे बघून हसल्या.
अंगवळणी पडलंय, म्हणाल्या.
मी शब्द जसाच्या तसा लिहून घेतला
आणि मग त्याच्याकडे बघत बसले:
अंगाला पडलेलं वळण.
बिल्लाचा उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली.

तुरिदच्या सुरीच्या मुठीला
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
कुणी शिकवलं?
हातानंच सांगितलं.
हे कुठल्या रकान्यात घालू?
समासात लिहिलं.

कॉफीच्या सुट्टीत तिनं कप डाव्या हातानं उचलला.
डावखुरी आहेस?
नाही.
एवढंच.

वसंतात नवी टेबलं आली,
हँडल फिरवलं की खालीवर होणारी.
पहिला आठवडा सगळी चौऱ्याण्णववरच उभी,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
मग सुन्वा, एकोणीस वर्षांची, नवीन,
तिनं कुणाला न विचारता हँडल फिरवलं.
करकर आवाज झाला. सगळ्यांनी माना वळवल्या,
ज्यांच्या जेवढ्या वळत होत्या तेवढ्या.

तुरिदचं टेबल बोट बोट करत खाली आलं.
ती पेटीवरून उतरली.
पाय मात्र पुढे कितीतरी दिवस
खाली पेटी चाचपत होते.
'खांद्यातली सत्तावीस वर्षं
हँडलनं उतरत नाहीत,'
असं मी अहवालात लिहिलं. साहेबांनी खोडलं.
शेरा: मोजता येईल तेवढंच लिहावं.

पेटी तिनं फेकू दिली नाही.
सुट्टीत तिच्यावरच बसते,
रबरी बूट पुढे पसरून.
कप उजव्या हातात घेते.
थोडा वेळ धरते, खिडकीबाहेर बघते,
फ्योर्डवर धुकं आहे, एक बोट परत येतेय.
मग डाव्या हातात घेते.