तांबडा आधी जातो

ऑर्डर आली तेव्हा नळाला चार दिवस पाणी नव्हतं.
अंदमानकडच्या कुठल्याशा बेटावरून:
सातशे टॉवेल, जॅकार्ड, काठाला नाव,
आणि नावं कसली, तर समुद्रातल्या जागांची,
जिथं माणसं पाठीवर हवेचं नळकांडं बांधून उतरतात
नुसतं बघायला.

नुसतं बघायला? राजेशममामा म्हणाले.
हो. वर काही आणत नाहीत.
त्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं.

कासवाचा ओटा, बारा मीटर.
आंधळी खिडकी, अठरा.
तांदळाची बोट, बावीस, आत शिरू नये.
आणि शेवटची, हवालदार. तीस.
हवालदार का, ते कागदावर नव्हतं.

तीस मीटर म्हणजे किती, मला उमगेना.
मग बंद मिलची चिमणी अर्धी धरली,
मनातल्या मनात उलटी केली
आणि आतून उतरत गेले, वीट वीट,
पारव्यांची घरटी ओलांडून.

समुद्र मी पाहिलेला नाही.
हिप्परग्याचा तलाव पाहिलाय, तोही एप्रिलात,
भाकरीसारखा तडकलेला.
माझ्याकडे ग्राफ पेपर आहे. एक चौकट, एक धागा.
माशाच्या डोळ्याला चार चौकटी लागतात,
तीनमध्ये तो मेलेला दिसतो.

फोनवर फ्लोरा कुजूर, बेटावरची,
माणसांना खाली नेते आणि मोजून वर आणते.
मागे वारा, कुणीतरी टाक्या आपटत होतं.
हवालदारवर तांबडा नको, म्हणाली.
फोटोत तर मासा लालभडक आहे.
फोटोला बॅटरी मारलेली असते, ताई.
खाली तांबडा आधी जातो, पाच-सात मीटरमध्ये.
मग नारिंगी. मग पिवळा.
बोट कापलं तर रक्त हिरवं दिसतं.
मेथीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

मी ते मामांना सांगितलं
आणि सांगितल्यावर वाटलं, नको होतं सांगायला.
एकेचाळीस वर्षं रंगाच्या हौदावर,
कोपरापर्यंत कातडी कधी आपल्या रंगाची झाली नाही.
गिऱ्हाईक बसलं की ओली लडी
स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर घासून दाखवायचे:
बघा. आहे का डाग?
सुटतो म्हणजे? पाण्यात उतरतो?
नाही मामा, सुटत नाही. असतो तिथंच. दिसत नाही.
मग ठीक, म्हणाले.
जिन्याशी जाऊन परत आले.
ठीक नाही.

रात्री अडीचला गल्लीत हाक, नीळ्ळु वच्चाई!
घागरी, बादल्या, कुणाची तरी चप्पल नालीत.
मोठा ड्रम भरला तसे मामा
तांबडी लडी घेऊन आले, आत सोडली,
गल्लीच्या दिव्याच्या उजेडात वाकून बघत राहिले.
दिसतोय की.
मामा, ते पाऊण मीटर आहे.
हं.
मामी ओरडली, पाणी प्यायचं आहे ते.
मामा म्हणाले, पी. माझा रंग आहे.

हवालदारचे एकशे चाळीस नग
निळे निघाले, राखी, शेवाळी,
मासा असा की आहे म्हटलं तर आहे.
त्या आठवड्यात दोनदा मी पाहिलं,
रात्रपाळीच्या मागाजवळ मामा,
ज्यांचं मागावर काही काम नसतं,
आणि त्यांच्या खिशात एक तांबडी कांडी.
काठ दुमडून शिवतात. दुमडीच्या आत काय गेलं
ते शिवण उसवल्याशिवाय कळत नाही.
मी विचारलं नाही.
बिलात तसं काही लावलेलं नाही.

टेम्पो अक्कलकोट रोडनं गेला, दुपारचे तीन,
डांबर चपलेला धरत होतं.

एक नग सेकंड ठरून परत आला.
डोळ्याला तीनच चौकटी, चूक माझी.
तो आता आमच्या मोरीत खिळ्याला असतो, कोरडाठाक.
शिवणीवरून बोट फिरवते कधीकधी.
ब्लेड समोरच्या फळीवरच आहे.
उद्या पाण्याचा दिवस.